राणीला गेलेले दिवस

एका राज्यात एक सबंध महिना हरवला आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. म्हैस हरवली असती तर दवंडी पिटली असती, पोर हरवलं असतं तर विहिरींत गळ टाकले असते. महिना हरवला तर तो शोधायचा कुठे, आणि हरवला हे कळायचं तरी कसं? लोक सकाळी उठले, चुळा भरल्या आणि आपापल्या कामाला लागले.

त्याचं झालं असं. आषाढातली अवस ही त्या राज्यात दिव्यांची अवस असे. घरातला एकूण एक दिवा घासूनपुसून पाटावर मांडायचा, नव्या तेलाने उजळायचा आणि त्याच्यापुढे हात जोडायचे, अशी रीत. त्या वर्षी अवसेच्या आदल्या दिवशी सीमेवरून एक उंच तेलविक्या आला. डोक्याला त्याने फडकं घट्ट गुंडाळलं होतं आणि फडक्याच्या कडेने बारीक धूर निघत होता. "सणाचं तेल आहे, दाम नको," एवढंच तो म्हणे. फुकट म्हटल्यावर काय विचारता! कुणी तांब्या आणला, कुणी बुधला आणला, एका बाईने तर घाईत पोराची दुधाची वाटीच पुढे केली. राजवाड्यातून राजमातेने चांदीची घागर पाठवली. डोक्यातून धूर का निघतो हे कुणी विचारलं नाही, नाव तर नाहीच नाही. नाव होतं धूम्रकेश, आणि तो मांत्रिक होता.

संध्याकाळी दिवे लागले. तेल जळू लागलं तसा पातळ, गोडसर धूर घराघरांत पसरला आणि जोडलेले हात जोडलेलेच राहिले. देवघरात राजा झोपला, त्याच्या शेजारी राणी झोपली, राजमाता पाटावर बसल्या बसल्या झोपली. गोठ्यात गुरं झोपली, कारण गोठ्यातही दिवा होता. ती झोप मंत्राची होती. तिला तहान नव्हती, भूक नव्हती, स्वप्नही नव्हतं. चंद्र वाढला, पुनव झाली, चंद्र झिजला. कोळ्यांनी दिव्यांपासून हातांपर्यंत आणि हातांपासून पापण्यांपर्यंत जाळी विणली. पुढच्या अवसेची रात्र सरली आणि सगळं राज्य एकाच क्षणी जागं झालं.

"काल दिवे पुजले, आज श्रावणाचा पहिला दिवस," असं म्हणत जो तो उठला. आकाशाने चुगली केली नाही, कारण काल अवस होती हे खरंच होतं. नखं वाढली होती, दाढ्या वाढल्या होत्या, भांड्यातल्या दुधाची खपली झाली होती. बायकांनी कोळ्यांना शिव्या दिल्या, न्हाव्यांना चार दिवस जेवायला फुरसत मिळाली नाही, आणि विषय तिथेच मिटला.

फक्त राणी चारुमती जागच्या जागी बसून राहिली. तिचं लग्न अक्षय तृतीयेचं. वैशाखी पुनवेला तिची पाळी आली होती, ती शेवटची. ज्येष्ठ सरता सरता मळमळ सुरू झाली. फोडणीचा वास आला की तिला तोंडाला पदर लावून अंगणात पळावं लागे. दिव्यांची पूजाही तिने नाकाला पदर लावूनच केली होती. आणि आता डोळे उघडले तर मळमळ पार गेलेली, पोटात भुकेचा आगडोंब, आणि काल सैल असलेलं लुगडं कमरेला काचत होतं. हे एका रात्रीत कसं झालं, असं तिच्या मनात आलं. पण विचारायचं कुणाला? माहेर तीन राज्यांपलीकडे होतं.

सगळं राज्य झोपलं तरी तिच्या पोटातलं बाळ झोपलं नव्हतं. तिथे दिवा नव्हता, तिथे धूर पोचला नाही. ते आपलं अंधारात वाढत राहिलं होतं.

भाद्रपदात बाळ हललं. राणीने हसत हसत सासूला सांगितलं. राजमाता भद्रावती पानाला चुना लावत होती, तिचा हात थांबला.

"इतक्यात?" ती म्हणाली. "चौथ्यात? जयध्वज माझ्या पोटात पाचवा भरल्यावर हलला होता."

आणि तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण.

त्या दिवसापासून ती खोड साऱ्या वाड्याला लागली. राणी ओवरीतून जाऊ लागली की झाडणाऱ्या दासीचा अंगठा पेरांवर सरके, पहारेकऱ्याचा सरके, दरबारात रांगेने बसलेल्या मानकऱ्यांचे अंगठे एकदम सरकू लागत. कुणी चकार शब्द काढत नसे. ओठ तेवढे हलत. राणीला वाटे, आपण चालतोय आणि आपल्यामागे कसले तरी किडे अंधारात पाय घासताहेत. राजा जयध्वज तिला डाळिंबं पाठवी, रात्री पायाखाली उशी सरकवी. पण एकदा जेवता जेवता त्याचाही अंगठा करंगळीवरून अनामिकेवर गेला, आणि राणीने उचललेला घास ताटात परत ठेवला. तिचा नवऱ्यावर जीव होता. सासू शंभर वेळा टोचून बोलली असती तरी तिला इतकं दुखलं नसतं.

मार्गशीर्षाच्या पुनवेला सुईण बोलावली. सुईणीचं नाव तुळजा. तिने राणीच्या पोटावर तेलाचा हात फिरवला, बाजूंनी दाबून पाहिलं, कान लावून ऐकलं.

"आठवा भरला," ती म्हणाली.

पडद्याआड राजाशेजारी बसलेला राजज्योतिषी म्हणाला, "अशक्य. लग्न वैशाखातलं. आज सातवाच भरतो."

"पंचांग तुमचं, जोशीबुवा. पोट माझ्या हाताखाली हाय. ह्यो आठवा भरलाय."

राणीने तुळजेचा हात धरला. "सातवा म्हण," ती अगदी हळू म्हणाली. "तुझ्या पाया पडते."

"कशी म्हनू, राणीसाहेब? पुढच्या महिन्यात मूल हातात आलं तर ते काय सातव्यातलं दिसनार हाय?" तुळजेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने शब्द बदलला नाही. दोघंही खरं सांगत होती, आणि दोन सत्यं एका पोटात मावत नव्हती.

राजमाता उठली. "लग्नाआधीचं आहे," ती म्हणाली. "माघ लागायच्या आत मूल झालं, आणि पुऱ्या वाढीचं झालं, तर ते या घराचं नव्हे. ते सीमेवर जाईल."

"महाराज?" राणी म्हणाली.

राजा खिडकीबाहेर पाहत राहिला. "आईसाहेबांचं बोलणं नियमाला धरून आहे," तो म्हणाला.

सीमेवर जाईल म्हणजे काय, हे त्या राज्यात सगळ्यांना ठाऊक होतं. राणी एकटी नव्हती. चैत्रात मोहिमेवरून परतलेल्या शिपायांच्या घरी त्याच सुमाराला मुलं होत होती, महिनाभर आधी आणि तरी गुटगुटीत. नवरे पेरं मोजत, सासवा पेरं मोजत, आणि तिसऱ्या दिवशी ते मूल झोळीत घालून सीमेवरच्या बाभळीला टांगून येत. दुसऱ्या सकाळी झोळी रिकामी असे. "कोल्ह्याने नेलं," असं म्हणत लोक पाठ फिरवत. बाभळीला ओरखडा नसे, झोळीला रक्ताचा डाग नसे, पण मागे वळून बघायची कुणाची छाती होत नसे. सुनांना घराबाहेर काढलं जाई. त्या कुठे जात हेही कुणी विचारत नसे.

पौष लागला. राणी वाड्यामागच्या तळ्याकाठी जाऊन बसे, कारण तिथे पेरं नव्हती. एके दुपारी काठावरच्या खड्यांतून एक टिटवी चालत आली आणि म्हणाली, "राणी, एक विचारू?"

त्या राज्यात पक्षी बोलत असत. त्यांचं ऐकायला मात्र कुणाला वेळ नसे, आणि टिटवीला तर लोक अभद्र म्हणून दगड मारीत.

"विचार," राणी म्हणाली.

"दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी मी इथे शेवटचं अंडं घातलं. वाड्यात दिवे लागले ते इथून पाहिलं. अंड्यांवर बसले. चंद्र वाढला, चंद्र झिजला, पिल्लं बाहेर आली, आणि त्या सकाळी तुमचा वाडा जागा झाला. तुम्ही सगळे म्हणालात, काल दिवे पुजले. तेव्हापासून मला कोडं पडलंय. टिटवीचं अंडं एका रात्रीत फुटतं का?"

राणीचा हात कमरेवर गेला. लुगड्याची काचलेली गाठ तिला आठवली, गेलेली मळमळ आठवली. एक महिना. सासूच्या पेरांवर जो महिना जास्त होत होता तो तिचा नव्हताच; तो सगळ्यांचाच होता, आणि सगळ्यांनी तो झोपून घालवला होता. ती हसली आणि मग रडली, आणि टिटवी दोन्ही होईपर्यंत थांबली.

राणी टिटवीला घेऊन दरबारात गेली. राजज्योतिषी म्हणाला, "टिटवीची साक्ष?" आणि दरबार हसला. राजमातेने तिला हुसकायला काठी मागवली. राजा तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, "दुसरा कुणी साक्षीदार आहे?"

"माझ्या पोटात आहे, महाराज," राणी म्हणाली.

राजाने दरबार उठवला.

टिटवी तिला म्हणाली, "महिना ज्याने नेला त्याला मी पाहिलं आहे. तेलविक्या सीमेवरच्या धुरकट टेकडीत राहतो. दिवस खाऊन जगतो. त्याच्याकडे जो आपला काळ मागायला जातो, त्याला तो तीन प्रश्न विचारतो. त्याच्या मंत्राला तसा बांध आहे. तिन्ही उत्तरं खरी आली तर त्याने सोडलं पाहिजे. एक जरी चुकलं तर मागायला आलेल्याचं जे असेल ते त्याचं."

"माझं काय आहे, ते तर दिसतंच आहे," राणी म्हणाली आणि उठली.

पौषाची अवस जवळ आली होती. राणीचं पोट खाली उतरलं होतं, पाय सुजले होते. ती मागच्या दाराने निघाली आणि टिटवी पुढे पुढे चालू लागली. ऊन लख्ख होतं, तरी सीमेजवळ आल्यावर सावल्या दिसेनात. माणसाची सावली नाही, झाडाची नाही. बाभळींना झोळ्या टांगलेल्या होत्या, सगळ्या रिकाम्या, आणि वारा नसताना त्या हलत होत्या, जशा कुणी दोरी ओढावी तशा. त्यांच्यापलीकडे, कोरड्या ओढ्यात, काही बायका बसल्या होत्या. त्यांच्या छातीवरचे पदर दुधाने भिजलेले होते. त्या टेकडीकडे बघत बसल्या होत्या, पण टेकडी त्यांना दिसत नव्हती; त्यांना नुसता धूर दिसत होता. राणीने त्यांना हाका मारल्या. एकीनेही मान वळवली नाही.

"आत्ता नाही," टिटवी म्हणाली. "आत्ता त्यांना काही ऐकू येत नाही."

टेकडीला दार होतं आणि दार उघडं होतं. आत एक लांबच लांब दालन, भिंतीला रांगेने दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली एकेक पाळणा. राणीने पहिल्या पाळण्यात डोकावलं. मूल जिवंत होतं. डोळे उघडे होते. ते रडत नव्हतं, हातपाय हलवत नव्हतं, आणि त्याची नाळ अजून ओली होती. महिनाभरापूर्वी जसं आलं होतं तसंच ते होतं. त्याच्या श्वासातून एक बारीक दोरा वर जात होता आणि दिव्यात वात होऊन जळत होता. दुसऱ्या पाळण्यात तसंच होतं. तिसऱ्यात तसंच. पुढचा पाळणा रिकामा होता, आणि त्यात नवं मऊ अंथरूण घातलेलं होतं.

"तो तुझ्याकरता," धूम्रकेश म्हणाला. त्याने फडकं सोडलं होतं. डोक्यावर केसांऐवजी धुराच्या तीन जटा होत्या आणि त्या छतापर्यंत गेल्या होत्या. "वेळेवर आलीस, राणी."

"माझा महिना घ्यायला आले आहे," राणी म्हणाली.

"मग सांग. तुझं मूल कोणत्या घटकेला पोटात आलं? बाईला ते ठाऊक असतंच."

तो इतक्या गोड आवाजात विचारत होता, की राणीच्या ओठावर उत्तर आलंही. वैशाखातल्या रात्री तिला आठवल्या, गच्चीवरची एक तर फारच आठवली. मोगऱ्याचा वास होता, राजाने तिच्या माहेरची गाणी ऐकायला मागितली होती. तीच ती रात्र असावी असं तिला मनापासून वाटत होतं. मग तिने जीभ आवरली. वाटणं वेगळं आणि ठाऊक असणं वेगळं.

"ती घटका मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "कुठल्याच बाईला नसते. गर्भ राहिला की कुणी सांगायला येत नाही. आम्ही मोजतो ते शेवटच्या पाळीपासून. माझी पाळी वैशाखी पुनवेला आली. त्या वेळी पोटात मूल नव्हतं, पण मोजणी तिथूनच."

धुराची एक जट खाली गळली आणि फरशीवर विरली. दालनातले काही दिवे फडफडले.

"मग ते कोणत्या दिवशी बाहेर येईल ते सांग," धूम्रकेश म्हणाला. आता आवाजातला गोडवा कमी झाला होता. "दिवस सांग. तुमच्या ज्योतिषाने तर घटकासुद्धा काढली आहे."

राणीने पोटावर हात ठेवला. आत बाळाने टाच फिरवली.

"पाळीपासून नऊ महिने आणि वर एक पंधरवडा," ती म्हणाली. "म्हणजे हरवलेला महिना धरला तर हीच पौषातली अवस. पण हा अंदाज आहे. आठ-पंधरा दिवस अलीकडे, आठ-दहा दिवस पलीकडे, ती मर्जी मुलाची. मी एकच दिवस सांगितला तर ते खोटं ठरेल, आणि तुला तेच हवं आहे."

दुसरी जट गळली. धूम्रकेश उंचीने निम्मा झाला. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने भिंतीतल्या कोनाड्यातून एक काचेची बुधली काढली. बुधलीला मेणाचं बूच होतं, आणि आत काहीतरी पांढुरकं हलत होतं.

"शेवटचा प्रश्न सोपा आहे," तो म्हणाला. "तुझा महिना कुठे आहे? पाहा, हा इथे. मी काही नाकारत नाही. 'तुझ्याजवळ आहे' एवढं म्हण आणि घेऊन जा."

राणीने हात पुढे केला. एवढ्यासाठीच तर ती आली होती. ही बुधली दरबारात फोडली असती तर सासूचा अंगठा थांबला असता, राजज्योतिषाचं तोंड बंद झालं असतं, राजाने खिडकीबाहेर बघणं सोडलं असतं. तिने बुधली घेतली आणि कानाशी धरली. आत काहीच नव्हतं. कोंबडा आरवत नव्हता, पाण्याचा थेंब पडत नव्हता, एका दिवसाचासुद्धा आवाज नव्हता. होता तो नुसता धूर.

मग हा माणूस या मुलांचे श्वास का जाळतो? महिना याच्यापाशी असता तर त्याला पाळणे कशाला लागले असते?

"तुझ्याजवळ नाही," राणी म्हणाली.

धूम्रकेशाचं हसू गेलं. "चोरला मीच."

"चोरायला आलास, पण हाती लागला नाही. सगळे झोपले होते तेव्हा ते दिवस रिकामे होते, कुणी जगत नव्हतं. जगत होती ती पोटातली मुलं. आमच्या बोलीत बाईला गर्भ राहिला की काय म्हणतात, माहीत आहे ना? बाईला दिवस गेले. मला दिवस गेले, धूम्रकेशा. तुला नाही गेले. त्या ओढ्यातल्या बायकांना गेले. म्हणून तुला ही मुलं सीमेवर टाकून हवी होती. तो महिना यांच्या अंगात आहे, आणि माझ्या पोटात आहे."

तिने बुधली फरशीवर आपटली. काचा झाल्या, आणि त्यातून चिमूटभर काजळी निघाली. तिसरी जट गळू लागली. धूम्रकेश दोन्ही हातांनी ती धरून ठेवू पाहत होता.

तेवढ्यात राणीच्या कमरेतून कळ निघाली आणि पायांवरून पाणी वाहिलं. तिने पाळण्याची कड धरली. "टिटवी," ती दात आवळून म्हणाली, "माझे दिवस भरले."

टिटवीने एकदा राणीकडे पाहिलं आणि मग धूम्रकेशाकडे मान वळवली. "आणि तुझेही," ती म्हणाली.

ते ऐकून मांत्रिक जिथल्या तिथे विझला. वात विझल्यावर उठते तेवढी एक धुराची रेघ वर गेली, मग तीही राहिली नाही.

दालनातले सगळे दिवे एकदम गेले. क्षणभर काळोख झाला. मग पहिल्या पाळण्यातलं मूल रडलं, दुसरं रडलं, आणि एकामागून एक सारी रडू लागली. तो आकांत ओढ्यापर्यंत पोचला. तिथे बसलेल्या बायकांच्या डोळ्यांपुढचा धूर फाटला, आणि त्या पदर सावरायचं भान न ठेवता टेकडीत धावत आल्या. कोणतं मूल कुणाचं हे कुणाला सांगावं लागलं नाही. छातीशी मुलं धरूनच त्यांनी राणीला अंथरुणावर निजवलं, एकीने पाठ धरली, एकीने पाय धरले, आणि उन्हं कलायच्या आत राणीला मुलगा झाला. चांगला पुऱ्या वाढीचा, नखं वाढलेला, रागाने लाल झालेला.

मांत्रिक विझला त्याच घटकेला सगळ्या राज्याला ती झोप आठवली. काम करता करता लोक थांबले. मिटलेल्या पापण्यांवरून एकामागून एक गेलेली उन्हं त्यांना आठवली, बोटांवरून चाललेले कोळी आठवले, हलायचं होतं आणि हलता येत नव्हतं तेही आठवलं. राजमातेच्या हातातून पानाचा डबा पडला. राजा जयध्वजाला आठवलं की आपण देवघरात झोपलो होतो आणि त्या सबंध काळोखात शेजारून एक लहानसा ठोका ऐकू येत होता, दिवसेंदिवस मोठा होत जाणारा. तो तसाच उठला आणि अनवाणी सीमेकडे धावत सुटला. राजज्योतिषी, मानकरी, शिपाई, सगळे त्याच्यामागे धावले.

टेकडीच्या दाराशी राणी बसली होती. मांडीवर मूल होतं. राजा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला आठवलं, राणी. सगळं आठवलं."

"आठवलं म्हणून आलात," राणी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता आणि तिने तो लपवला नाही. "आठवलं नसतं तर?"

राजा उठून उभा राहिला. त्याने मागे वळून राजज्योतिषाला सांगितलं, "पंचांगात लिहा. यंदा अधिक श्रावण होता. तो आम्ही झोपून काढला, आणि त्याचा जाब आम्ही बायकांना विचारला. दवंडी पिटा."

राजज्योतिषाने मान खाली घालून होकार दिला. शिपाई पुढे झाले. कुणी बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी नुसताच हात जोडून उभा राहिला. एकीने नवऱ्याकडे न बघता मूल त्याच्या हातात दिलं आणि घराच्या वाटेला लागली. तो तिच्यामागून चालू लागला. राणी एकेकीला जाताना पाहत राहिली. पालखी आली, तरी ती उठली नाही.

"चला, राणी," राजा म्हणाला.

"एक पाळणा राहिला आहे," राणी म्हणाली.

राजा आत गेला. दालनाच्या टोकाला एका पाळण्यात एक मुलगी रडत होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"ही कुणाची?"

"ठाऊक नाही. हिची आई माहेरच्या वाटेवर मेली, असं त्या बायका सांगत होत्या. बापाचं नाव त्यांना माहीत नाही. तो आला नाही."

"हिला कितवा..." राजाच्या तोंडून निघून गेलं.

राणी त्याच्याकडे पाहत राहिली. बाहेर शिपाई उभे होते, मानकरी उभे होते, मागून धापा टाकत राजमाता येऊन पोचली होती. या मुलीसाठी कुणाला काही आठवणार नव्हतं, आणि बापच ठाऊक नसल्याने कुठल्याही पंचांगात तिच्यासाठी महिना घालता येणार नव्हता. राजाने वाकून तिला उचललं. त्याला धरता येत नव्हतं, मान लटकत होती. मग त्याने तिला खांद्याशी घेतलं आणि डोक्यावरचा फेटा सोडून तिच्याभोवती गुंडाळला. ती मुसमुसत गप्प झाली.

"ही आमची," त्याने दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "थोरली."

मग राणी उठली, धाकट्याला तिने पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "आता चला."